गिंडीचे ऐंशी कागद

१

तेरावा झाला, पाहुणे गेले, आणि चौदाव्या दिवशी सकाळच्या टपालाने मंडळाचं पत्र आलं. येत्या रविवारच्या वार्षिक सभेत श्री. राघोत्तम यांचं नाव सभासदांच्या यादीतून काढून टाकण्याचा ठराव मांडण्यात येईल, असं त्यात लिहिलं होतं. कारणही एका ओळीत दिलं होतं: सर्वेक्षणाचे आकडे घरी बसून रचणे.

कनकाने पत्र दोनदा वाचलं. मेलेल्या माणसाला काढून टाकायची इतकी घाई का, हे तिला कळेना.

मैलापूरच्या तळ्यामागच्या त्या घरात आकडे हा कुळधर्म होता. राघोत्तम, म्हणजे कनकाचे अप्पा, तीस वर्षं आकडेवारीच्या कचेरीत होते. कनका मुलींच्या शाळेत गणित शिकवत होती. वकिलांची असते, डॉक्टरांची असते, तशी संख्याशास्त्र्यांची एक संस्था मद्रासला हवी म्हणून ज्या सहा जणांनी मंडळ काढलं, त्यांतले अप्पा एक. मंडळाचं काम एकच, ते म्हणत. बाजारात तराजूवर छाप मारणारा असतो, तसा आकड्यांवर छाप मारणारा कोणीतरी पाहिजे. आणि ज्याचं वजन खोटं निघेल, त्याला दाराबाहेर काढलं पाहिजे.

आता त्यांनाच दाराबाहेर काढायचं होतं. आरोपाचं पत्र हातात पडल्यावर अप्पा अकरा दिवस जगले. टेबलाशी बसल्या बसल्याच गेले.

दुपारी राममूर्ती मामा आले. ते मंडळाचे सचिव, अप्पांचे जुने मित्र, त्यांच्यासारखेच तंजावरकडचे. अप्पांना खांदा दिला तो यांनी. गेले चौदा दिवस ते रोज येत होते; आईला भाजी आणून देत, पडवीत बसून तपकीर ओढत, डोळे पुसत.

"पोरी, सभेत हे वाचलं जाऊ नये," ते म्हणाले. "आईची सही घे एका पत्रावर. कुटुंबाच्या विनंतीवरून नाव मागे घेत आहोत, एवढंच. मग ठराव येणार नाही, कोणी काही बोलणार नाही. राघोत्तमाची अब्रू झाकली जाईल."

"झाकायला काही उघडं पडलंय का, मामा?"

त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "आकड्यांना दयामाया नसते. मी किती भांडलो, तुला काय सांगू."

आई आतून म्हणाली, "कुठं सही करायची ते दाखवा. मला वाचता यायचं नाही आता."

"आज नको," कनका म्हणाली. "रविवारी सकाळी बघू."

मामांनी कागद घडी करून उंबऱ्याजवळच्या फळीवर ठेवला. आपल्या हातात पाच दिवस आहेत, एवढं कनकाला कळलं.

२

मैलापुरातल्याच लझ कोपऱ्यावर, एका औषधाच्या दुकानावर, मंडळाच्या दोन खोल्या होत्या. अंबुजा तिथे पगारी टंकलेखिका होती. कनकाला पाहून तिने आधी दार लोटून घेतलं.

"टीचर, मला काही विचारू नका. मला नोकरी आहे."

"मलाही आहे. मी फक्त पाहायला आले. अप्पांचे गिंडीचे कागद दाखव."

"कागद नाहीत."

गिंडीला कारखान्यांची नवी वसाहत उभी राहत होती. तिथल्या एका कातड्याच्या कारखान्याचं पाणी ज्या झोपड्यांमागून वाहायचं, त्या दोनशे बारा झोपड्यांत अप्पा तीन महिने फिरले होते. प्रत्येक झोपडीचा एक कागद. घरात माणसं किती, कोणाचं वय काय, पाणी कुठलं, दोन वर्षांत मुलं किती मेली. मुलांच्या मरणाचा आकडा शहराच्या तिप्पट निघाला होता. अहवाल मंडळाच्या त्रैमासिकात यायचा होता.

"पेन्सिलीने लिहिलेले मूळ कागद कपाटात होते," अंबुजा म्हणाली. "आरोप झाल्यावर उघडून बघितलं तर नाहीत. किल्ल्या तिघांकडे. अध्यक्ष नारायणस्वामी सार, राममूर्ती सार आणि संपादक उमाकांत सार. तिघेही म्हणतात, आम्ही घेतले नाहीत."

"मग आरोप कशावरून केला?"

"मी टाइप केलेल्या प्रतीवर उमाकांत सारांनी चाचणी केली, त्यावरून."

"म्हणजे तू कागद बघून टाइप केलेस."

अंबुजाने मान हलवली. "बघायची पद्धत नाही, टीचर. एकाने वाचायचं, मी ऐकून टाइप करायचं. कागद आणि यंत्र दोन्हींकडे बघितलं की नजर ओळ चुकते. नऊ दिवस चाललं. तिघे आळीपाळीने वाचत. कोणी कुठला कागद वाचला, देवाशपथ आठवत नाही. मी भिंतीकडे तोंड करून बसते."

"म्हणजे वाचणाऱ्याने कागदावर नसलेलं वाचलं तर?"

अंबुजाने दाराकडे एकदा पाहिलं. मग तिने खालच्या खणातून कार्बनची प्रत काढली आणि वर्तमानपत्रात गुंडाळून कनकाच्या पिशवीत घातली.

"तुमच्या अप्पांनी मला कधी एकेरी हाक मारली नाही," ती म्हणाली. "रविवारच्या आत परत द्या."

३

उमाकांत अप्पांचे वैरी होते आणि ते लपवत नसत. कनका गेली तेव्हा ते केळीच्या पानावर इडली खात होते. त्यांनी तिला बस म्हटलं नाही.

"रडायला आली असशील तर अध्यक्षांकडे जा. ते चांगले रडतात."

"तुमची चाचणी समजून घ्यायला आलेय. मी गणित शिकवते."

त्यांनी हात धुतला. "तुझ्या आईचं वय काय?"

"पंचावन्न."

"नक्की?"

आईला जन्मसाल ठाऊक नव्हतं. पंचावन्न हे सगळ्यांनी मिळून ठरवलेलं होतं.

"बघ. आपल्या देशात माणूस वय सांगतो ते तीस, पस्तीस, चाळीस. सदतीस कोणी सांगत नाही. खऱ्या घराघरांतून आणलेल्या वयांत शेवटचा आकडा शून्य नाहीतर पाच, असं निम्म्या वेळा येतं. राघोत्तमाच्या एकशे बत्तीस कागदांत तसंच आहे. पण एकसष्ट ते एकशे चाळीस, या ऐंशी कागदांत दहाही आकडे सारखे. शून्य जेवढे, तेवढेच सात. असल्या झोपड्या पृथ्वीवर नाहीत. ते ऐंशी कागद रचलेले आहेत. आणि ऐंशी रचले तर बाकीच्यांवर तरी विश्वास कसा ठेवायचा? सगळा अहवाल केराच्या टोपलीत."

"अप्पांनीच मला दहाव्या वर्षी हे शिकवलं होतं. ते रचायला बसले असते तर शून्य आणि पाच त्यांनी आधी घातले असते."

"हा पुरावा नाही, अम्मा. हे प्रेम आहे."

त्यांचं म्हणणं खरं होतं, म्हणून ते जास्त लागलं. ती उठली. दारात तिला सुचलं.

"उमाकांत सार, माणूस डोक्यातून आकडे काढायला लागला तर ते सारखे येतात का?"

त्यांनी पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं. "नाही. माणूस शून्य टाळतो, जोडआकडा टाळतो. तीन आणि सात त्याला फार आवडतात. इतकं सारखं येतं ते पुस्तकातूनच."

पुस्तक म्हणजे काय, हे कनकाला सांगावं लागलं नाही. विलायतेत छापलेलं, पानापानावर नुसते विस्कळीत आकडे असलेलं ते पुस्तक. हजार घरांतली कुठली पन्नास बघायची, हे आपल्या मर्जीने ठरवू नये म्हणून त्यातून आकडे उचलायचे.

"मद्रासला खासगी प्रती किती आहेत?"

"एक मंडळाची, खोलीबाहेर जात नाही." उमाकांत दारापर्यंत आले. "दुसरी तुझ्या वडिलांची. ती आधी तपास."

४

अप्पांचं पुस्तक उघडायचं तिला धैर्य होईना. तिने ते दिवसभर पिशवीतून शाळेत नेलं आणि परत आणलं. त्यात त्या आकड्यांशी अप्पांची खूण निघाली तर? मग चौदा दिवस आपण कोणासाठी रडलो?

मंगळवारी संध्याकाळी तिने ते उघडलं. या लोकांची एक रीत होती: जिथून आकडे उचलायला सुरुवात केली तिथे आणि जिथे संपवले तिथे समासात पेन्सिलीची खूण करायची, सोबत नावाची आद्याक्षरं आणि तारीख. एकदा वापरलेले आकडे कोणी पुन्हा वापरू नयेत म्हणून. लहानपणी तिने अप्पांना आकडे वाचून दाखवले होते. ते डावीकडून उजवीकडे, ओळीने घेत.

एकसष्टाव्या कागदावरची वयं होती सदतीस, तेवीस, अठ्ठेचाळीस, अठरा, साठ, एकेचाळीस. शेवटचे आकडे सात, तीन, आठ, आठ, शून्य, एक. दोन दिवस तिने अप्पांच्या प्रत्येक खुणेपासून हे सहा आकडे शोधले. कुठेच नव्हते. पण दोन्ही पुस्तकं एकाच छापाची, तेच आकडे तशाच जागी. त्यातल्या बिनखुणेच्या जागा हजारो होत्या. नाही सापडले म्हणजे नव्हतेच, असं उमाकांतांनी मानलं नसतं.

गुरुवारी मामा आले तेव्हा पुस्तक तिच्या मांडीवर होतं.

"राघोत्तमाचं," ते म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरून आले. "तुला येतं का वापरता?"

"थोडं. अध्यक्षांना काल विचारलं. ते म्हणाले, स्तंभ धरून खाली उतरावं. अप्पा आडवे जायचे. उमाकांतही आडवे जातात."

मामा हसले. पानाच्या तळाशी त्यांनी तपकिरीने पिवळं पडलेलं बोट ठेवलं आणि ते एकेका आकड्याने वर चढू लागलं. "मी असा. खालून वर. वरच्या ओळी सगळेच वापरतात, पोरी. तळाच्या नेहमी कोऱ्या असतात. मंडळात सगळे मला हसतात."

त्यांनी पुन्हा तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि फळीवरच्या कागदाची आठवण करून दिली.

शुक्रवारी शाळा सुटल्यावर ती मंडळात गेली. अंबुजाने पुस्तक काढून दिलं. प्रत्येक खुणेशी नाव होतं, तारीख होती. त्रेचाळिसाव्या पानावर मात्र, शेवटून दुसऱ्या स्तंभाच्या अगदी तळाशी, नुसती एक बारीक खूण होती. नाव नाही, तारीख नाही.

कनकाने आडवं वाचलं. नाही. पानाच्या तळाशी खाली उतरायला जागाच नव्हती. तिने बोट खुणेवर ठेवलं आणि वर नेलं.

सात. तीन. आठ. आठ. शून्य. एक.

"अंबुजा," ती म्हणाली, "बासष्टावा कागद वाच."

अंबुजा वाचत गेली, कनकाचं बोट चढत गेलं. एक स्तंभ संपला, शेजारचा सुरू झाला. एकशे चाळिसाव्या कागदाच्या शेवटच्या म्हातारीपाशी बोट थांबलं, तिथे दुसरी बारीक खूण होती.

सगळं खोटं करायला बसलेल्या माणसाला आकडे मात्र बिनखुणेचे सोडून देता आले नव्हते.

कनका जिना उतरली आणि वाटेत कुठे थांबली नाही. घरी जाऊन तिने भर संध्याकाळी डोक्यावरून अंघोळ केली. आईने विचारलं, कोण गेलं? कोणी नाही, ती म्हणाली.

५

रविवारी सव्वीस सभासद जमले. अध्यक्ष नारायणस्वामी ठराव वाचायला उभे राहिले तेव्हा मागच्या बाकावरची कनका उठली.

"आधी एक मोजणी करायची आहे. पाच मिनिटं लागतील."

"कुटुंबीयांनी बोलायची तरतूद नाही," राममूर्ती सौम्यपणे म्हणाले. "आम्हाला तिचं दुःख समजतं."

"बोलू दे," उमाकांत म्हणाले. "माझी चाचणी आहे. कोणी तपासत असेल तर मला आवडेल."

कनकाने मंडळाचं पुस्तक अध्यक्षांसमोर उघडून ठेवलं. खूण दाखवली. अंबुजा वाचेल, त्यांनी बोट वर न्यावं, एवढंच ती म्हणाली. अंबुजा भिंतीकडे नाही, लोकांकडे तोंड करून उभी राहिली. अध्यक्षांचं बोट चढू लागलं. विसाव्या आकड्याला त्यांनी मान वर करून पाहिलं. चाळिसाव्याला चष्मा काढला. साठाव्याला म्हणाले, "पुरे."

"या खोलीत पुस्तक खालून वर कोण वाचतं?" कनकाने विचारलं.

पंचवीस माणसं एकाच दिशेला बघू लागली की उत्तर लागत नाही.

"राममूर्ती," उमाकांत म्हणाले. त्यांच्या आवाजात विजय नव्हता. "अठरा वर्षं आम्ही त्याची थट्टा करतोय. आणि मी गाढवाने त्याच्याच आकड्यांवर चाचणी केली."

राममूर्तींनी तपकिरीची डबी खिशात ठेवली. नाकारतील असं तिला वाटलं होतं. ते नाकारत नव्हते, समजावत होते.

"कातड्याचे कारखानदार आपल्या मंडळाला गिंडीत जागा देणार होते. दोन खोल्यांत आपण किती वर्षं कुजायचं? राघोत्तमाला सांगितलं, अहवाल वर्षभर थांबव. त्याने ऐकलं नाही. मग मी वयांचे शेवटचे आकडे तेवढे बदलून वाचले. एकाही मेलेल्या मुलाचा आकडा मी बदललेला नाही, कनका. त्याला हात लावला नाही."

"लावायची गरज नव्हती," ती म्हणाली. "मूळ कागद?"

"जाळले."

"आणि मग खांदा द्यायला आलात."

"तो माझा मित्र होता," राममूर्ती म्हणाले, आणि त्यांना ते खरंच वाटत होतं. हेच सर्वांत घाण होतं.

अध्यक्षांनी टेबलावर हात ठेवला. ठराव मागे घेत आहोत, ते म्हणाले. राममूर्ती प्रकृतीच्या कारणाने राजीनामा देतील. दिवंगत सभासदाबद्दल शोकप्रस्ताव करू. इतिवृत्तात बाकी काही लिहिण्याचं कारण नाही. बाहेर गेलं तर उद्या मंडळाच्या एकाही आकड्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही.

"ठेवूच नये," उमाकांत म्हणाले. "सगळं लिहा. नाहीतर माझाही राजीनामा लिहा."

वाद सुरू झाला. कनकाला हवं होतं ते सगळं मिळालं होतं. अप्पांचं नाव यादीत राहणार होतं. कनकाने चौकशीची फाईल पुढे ओढली. आता तिला कोणी अडवलं नाही. आत अप्पांच्या हातचं एक पत्र होतं, जाण्याच्या नऊ दिवस आधीचं. घरी त्यांनी याबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं.

"हे कागद मी आणले ते नव्हेत," त्यांनी लिहिलं होतं. "माझ्यावर विश्वास ठेवू नये. कोणीही एका सभासदाने गिंडीला जावं, कोणत्याही दहा झोपड्यांत विचारावं. माझी एवढीच विनंती आहे."

खाली राममूर्तींचा शेरा होता: अनावश्यक, गणिती चाचणी पुरेशी आहे. त्याखाली अध्यक्षांची सही.

"हे तुम्ही वाचलं होतंत?" तिने विचारलं.

नारायणस्वामी चष्मा पुसत राहिले. "चाचणी अगदी स्पष्ट होती, अम्मा. जायची जरुरी वाटली नाही."

"मैलापुराहून गिंडी पाच मैल आहे."

सव्वीस जणांत एकही असा नव्हता की जो गेला होता. आणि मग कनकाला उमगलं, ती तरी कुठे गेली होती? तिनेही पाच दिवस पुस्तकातच बोट फिरवलं होतं. मुलं मेली ती जागा तिनेही पाहिली नव्हती.

अप्पांचं पत्र तिने घडी करून घेतलं. शोकप्रस्तावाला सगळे उभे राहिले तेव्हा ती जिना उतरत होती. पाठीमागे अंबुजाच्या चपला वाजल्या.

६

सोमवारी दोघी गिंडीच्या स्टेशनावर उतरल्या. रजेचा अर्ज कनकाने सकाळीच पाठवला होता. अंबुजाने कोऱ्या कागदांची चळत आणली होती, अप्पांच्या कागदासारखेच रकाने तिने रात्री आखले होते.

वास आधी आला. सडलेल्या चामड्याचा, चुन्याचा, आणि खाली आणखी कशाचा तरी. झोपड्यांमागून निळसर पाणी जात होतं, त्याला फेस होता. अंबुजाने पदर नाकाला लावला. कनकानेही लावला, मग शरमून काढला. अप्पा इथे तीन महिने आले होते आणि घरी जेवायला बसत होते.

पहिल्या झोपडीशी एक बाई भांडी घासत होती. तिने कागद पाहिले आणि हात थांबवला.

"कुठल्या आपीसातून?"

"कुठल्याच नाही," कनका तमिळमध्ये म्हणाली. "मोजायला आलोय."

"मोजून गेला ना एक म्हातारा. छत्रीवाला. त्याचं काय झालं?"

"गेले ते. त्यांचे कागद जळले."

बाईने हात पदराला पुसले. "तो बसायचा. बाकीचे उभ्यानेच विचारतात, त्यांना वास येतो." तिने भांडं बाजूला सारलं. "माझ्या दोघांची नावं विचारली त्याने. मेलेल्यांची. कागदावर नावाला जागा नव्हती, तर कडेला लिहिली. मी म्हटलं, कशाला? म्हणाला, उद्या कोणी म्हणालं की मी बनवली, तर दाखवता येतील."

कनका खाली बसली. दगड ओला होता. अंबुजाने कागद पुढे केला, पेन्सिल दिली.

"सांगा," कनका म्हणाली. "नावांपासून सुरू करू."